कॅज्युअल्टीत आवाज चढतो तेव्हा

रात्रीची वेळ. सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी. स्ट्रेचरवर पेशंट, मागे दहा-बारा नातेवाईक. पडद्याआड उपचार चालू असतात, पण बाहेर ताटकळणाऱ्यांना त्यातलं काहीच कळत नाही. भांडणाची ठिणगी बहुतेक वेळा इथेच पडते.

डॉक्टर-नर्सवर हात उगारणाऱ्याला महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तसा फलक भिंतीवर असतोच. पण चिडलेल्या माणसाला सुरुवातीलाच तो दाखवणं म्हणजे आगीत तेल.

बोलायचं एकानेच. डॉक्टर, सिस्टर आणि गार्ड तिघंही समजावू लागले की कुणाचंच ऐकू येत नाही. अंतर दोन हातांचं. अमेरिकेतल्या आपत्कालीन मानसोपचार तज्ज्ञांनी २०१२ साली मांडलेल्या सूचनांतही हेच आहे. छाती भिडवून नाही, जरा तिरकं उभं राहायचं. हात मोकळे, समोरच्याला दिसतील असे. दार अडवायचं नाही. त्याचंही नाही, आपलंही नाही.

आता शब्द. "शांत व्हा" ऐकून कुणी शांत होत नाही. त्यापेक्षा आपलं नाव सांगावं आणि विचारावं, "काकांचे तुम्ही कोण?" मग थोडक्यात: "काकांना दम लागलाय. ऑक्सिजन लावलाय. बीपी कमी आहे. पंधरा मिनिटांनी मीच बाहेर येऊन सांगतो." एवढं बोलून थांबायचं. रागाच्या भरात लांबलचक वाक्य डोक्यात शिरत नाही, म्हणून तेच, त्याच शब्दांत, दोन-तीनदा सांगावं लागतं. आणि पंधरा म्हणजे पंधरा. नवीन काही नसलं तरी बाहेर यायचं. हे चुकलं की आधीचं सगळं पाण्यात.

सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याचं घरात चालतंच असं नाही. तो बोलताना बाकीचे कुणाच्या तोंडाकडे बघतात ते हेरावं, आणि त्या माणसाला बाजूला घ्यावं.

शिवी आली तर शिवीला नाही, मागणीला उत्तर द्यायचं. "आयसीयूत का नेत नाही?" बेड नसेल तर स्पष्ट सांगायचं, आणि लगेच पुढचे पर्याय: बेड रिकामा होईपर्यंत इथेच उपचार, किंवा दुसरीकडे हलवायचं.

हातात काठी किंवा सलाईनचा स्टँड आला, की मात्र बोलणं तिथेच सोडायचं. पाठ न फिरवता दाराकडे सरकायचं, गार्डला बोलवायचं, पोलिसांना ११२ वर फोन लावायचा. तो फोन कोण करणार आणि पेशंटपाशी कोण थांबणार, हे ड्युटी सुरू होतानाच ठरलेलं असावं.