फोडणी नसलेल्या स्वयंपाकघरात

श्रोतेहो, नमस्कार.

परदेश सहलींच्या जाहिराती तुम्ही वाचल्याच असतील. देश कुठलाही असो, एक ओळ ठळक अक्षरात असतेच: 'रोज भारतीय जेवण'. काही ठिकाणी तर आचारीही बरोबर नेतात. त्याला नावं ठेवायची नाहीत मला. दिवसभर पायपीट करून आल्यावर ताटात वरणभात दिसला की जीव सुखावतो. पण व्हिएतनामला जाऊन रोज वरणभातच जेवलात, तर अर्धा देश बघायचा राहिला म्हणून समजा. निदान एक सकाळ तिथल्या कुणाच्या तरी घरी, त्यांच्या ओट्याशी उभं राहून स्वयंपाक शिकण्यात घालवावी, हे सांगायलाच मी आज आलो आहे.

मी हे शिकलो ते होई आनला. मध्य व्हिएतनाममधलं, थू बोन नदीच्या मुखाजवळचं हे जुनं बंदर. सोळाव्या-सतराव्या शतकांत जपानी, चिनी, डच व्यापारी इथे उतरायचे. मागच्या डोंगरांतली दालचिनी आणि रेशीम इथून जहाजांवर चढायचं. पुढे नदी गाळानं भरली, व्यापार शेजारच्या दा नांगला गेला, आणि जुनं गाव होतं तसं उरलं. १९९९ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा स्थळ केलं. आता तिथे शिंप्यांच्या दुकानांइतकेच स्वयंपाकाचे वर्गही गल्लोगल्ली आहेत.

हे वर्ग दोन तऱ्हांचे. एक हॉटेलातले. तिथे तुम्हाला एप्रन देतात, समोर छोट्या वाट्यांतून सगळं चिरून, मोजून ठेवलेलं असतं. तुम्ही फक्त एकेक वाटी कढईत उपडी करायची, फोटो काढायचा आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचं. दुसरे घरातले. इथे निम्मा वेळ निवडण्यात, सोलण्यात, धुण्यात जातो आणि खरं शिक्षण तिथेच होतं. राहण्याच्या ठिकाणी चौकशी केली तर घरातले वर्ग सहज कळतात. पैसे ठरवण्याआधी एवढंच विचारा, की आधी बाजारात नेणार का, आणि शिकवणारी बाई त्या घरात रोज स्वयंपाक करते का.

आम्ही ज्या काकूंकडे गेलो, त्यांचं घर त्रा क्वे या भाज्यांच्या गावात होतं. होई आनपासून साधारण ३ किलोमीटर, सायकलनं सहज जाता येतं. नदी आणि खाजण यांच्यामधल्या वाळूसारख्या जमिनीत तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या पालेभाज्या पिकवतात. खत म्हणून पाण्यातलं शेवाळ काढून वाफ्यात गाडतात. खांद्यावर बांबूची कावड, तिच्या दोन टोकांना दोन झाऱ्या, आणि वाफ्यांमधून चालता चालता दोन्ही बाजूंना पाणी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेनं २०२४ मध्ये या गावाला उत्तम पर्यटन गावांच्या यादीत घेतलं. काकूंना त्याचं फारसं कौतुक दिसलं नाही. त्यांना घाई होती बाजाराची, कारण उशीर झाला की कोलंबी शिळी मिळते.

काकूंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांची कॉलेजात शिकणारी भाची मध्ये बसून सांगायची. पण भाव करताना दोघींचे चेहरे पाहिले की दुभाषा लागत नव्हता. एका रुपयाला अदमासे ३०० डोंग पडतात, त्यामुळे पालेभाजीची जुडीही हजारांत! पहिल्या दिवशी छातीत धस्स होतं, मग सवय होते.

बाजारात आपल्या ओळखीचं बरंच भेटतं. कोथिंबीर, पुदिना, केळफूल, नाळीची भाजी, गवती चहा. पण वापर ऐकाल तर चकित व्हाल. गवती चहाची पाती आपण चहात घालतो आणि बुडखा टाकून देतो. काकूंनी पाती बाजूला सारली आणि तो पांढरा बुडखा बारीक चिरून, लसणाबरोबर खलबत्त्यात कुटून मांसाला चोळला. केळफूल आपण ताकात भिजत घालतो, मग शिजवतो. त्या ते कच्चंच खातात. केसासारखं बारीक चिरायचं, लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकायचं म्हणजे काळं पडत नाही, मग निथळून कोशिंबीर.

नाळीच्या भाजीसाठी तर त्यांच्याकडे एक वेगळं हत्यारच आहे. वीतभर बारीक सळई, तिच्या मुळाशी प्लास्टिकचं गोल बूच, आणि बुचात मध्यापासून कडेपर्यंत ताणलेली पाती. भाजीचा देठ आतून पोकळ असतो. तो सळईत ओवायचा आणि बुचातून खाली ढकलायचा. पलीकडून देठाच्या दहा-बारा चिरफळ्या निघतात. त्या गार पाण्यात टाकल्या की बघता बघता कुरळ्या होतात. काकूंच्या सासूबाई, नव्वदीच्या घरातल्या आजी, हे काम न बघता करत होत्या. माझा देठ मध्येच फाटला की त्या तोंडाला पदर लावावा तसा हात लावून हसायच्या.

पालेभाजीपलीकडे मग पानं. यांची नावं पाठ करणं माझ्यानं झालं नाही, पण पानं विसरणार नाही. तिआ तो, वरून हिरवं आणि खालून जांभळं. राउ राम, अरुंद, टोकदार, जिभेला चटका देणारं. काटेरी कडांची लांब कोथिंबीर, जी आपल्या कोथिंबिरीपेक्षा कितीतरी उग्र. जांभळ्या देठाची गोडसर तुळस. आणि दिएप का, हृदयाच्या आकाराचं पान, ज्याला चक्क कच्च्या मासळीचा वास येतो. शुद्ध शाकाहारी माणसाला मासळी म्हणजे काय हे कळून घ्यायचं असेल तर हे पान चघळावं. मला ते जमलं नाही, आणि पुन्हा प्रयत्नही करायचा नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, ती म्हणजे नुओक माम. मासळीचं हे पाणी म्हणजे तिथल्या स्वयंपाकाचा कणा. मांदेलीच्या कुळातली बारकी मासळी आणि मीठ, साधारण तीनास एक प्रमाणात थर लावून वर्षभर किंवा त्याहून जास्त मुरवतात आणि खाली झिरपणारं तांबूस पाणी काढून घेतात. दा नांगजवळचं नाम ओ, दक्षिणेतलं फान थिएत, ही त्याची नावाजलेली गावं. फू क्वोक बेटावरच्या नुओक मामला तर २०१२ मध्ये युरोपीय संघानं भौगोलिक ओळखीचं संरक्षण दिलं. बाटलीवर ३०, ४० असे आकडे असतात. तो लिटरमागे नायट्रोजन किती ग्रॅम याचा हिशेब. आकडा मोठा तेवढा अर्क कसदार, आणि किंमतही तशीच. बाटली उघडल्यावर येणारा वास सुकट-जवळा खाणाऱ्या घरातल्या माणसाला परका वाटायचा नाही. बाकीच्यांनी दोन पावलं मागे उभं राहावं.

हा अर्क नुसता वाढत नाहीत. त्यात पाणी, साखर, लिंबू, लसूण, मिरची घालून नुओक चाम करतात, आणि तो जवळजवळ प्रत्येक जेवणात मध्यभागी असतो. काकूंनी आम्हा प्रत्येकाला एकेक वाटी दिली. प्रमाण ढोबळ सांगितलं: एक चमचा नुओक माम, एक साखर, एक लिंबाचा रस, चार-पाच चमचे कोमट पाणी. साखर आधी विरघळवायची, मग लिंबू, आणि लसूण-मिरची बारीक चिरून अगदी शेवटी, म्हणजे ती तळाशी न बसता वर तरंगते. ती तरंगली नाही तर बाईचा हात कच्चा, असं भाचीनं हळूच सांगितलं.

मग काकू चमचा घेऊन सगळ्यांच्या वाट्या चाखत फिरल्या. एकीत लिंबू पिळलं, दुसरीत पाणी घातलं. माझ्या वाटीशी थांबल्या, पुन्हा चाखली, आणि भाचीला काहीतरी म्हणाल्या. "ही तशीच ठेवा म्हणते. भातावर चालणार नाही, पण बान सेओबरोबर, म्हणजे आमच्या तांदळाच्या घावनाबरोबर, छान लागेल." म्हणजे वाटी बरोबर की चूक, हे वाटीकडे बघून ठरतच नव्हतं. ती कशाबरोबर जाणार, त्यावर ठरत होतं.

इथे मला त्या स्वयंपाकाची मेख सापडली, असं मी मानतो. आपल्याकडे पदार्थाचं नशीब पहिल्या दोन मिनिटांत ठरतं. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग-हळद पडली, की पुढचं सगळं त्या फोडणीच्या मागे जातं. जेवणाऱ्याच्या हातात फार तर लिंबाची फोड आणि मीठ. तिथेही लसूण-कांदा तेलात परततात, नाही असं नाही. पण चुलीवरून उतरलेला पदार्थ मुद्दाम अपुरा ठेवलेला असतो. आंबट, तिखट, खारट, गोड, कच्चं, कुरकुरीत, हे सगळं ज्यानं त्यानं आपापल्या वाटीत जुळवायचं. स्वयंपाक करणारी बाई अर्धा पदार्थ करते, उरलेला जेवणारा करतो. हॉटेलात वेटर बशी आणून ठेवतो तेव्हा हे लक्षात येत नाही. आपण पानांची परडी सजावट समजून बाजूला सारतो. घरात मात्र आजी शेजारी बसलेली असते आणि ती तुमच्या वाटीत पानं टाकतच राहते.

बान सेओचं उदाहरण घ्या. तांदळाच्या पिठात हळद आणि पाणी, पातळसर. कोकणातल्या घावनाचा हा चुलतभाऊच. दक्षिणेत पिठात नारळाचं दूध घालतात आणि तवाभर मोठं करतात. मध्य भागात छोट्या लोखंडी तव्यांवर, तळहाताएवढं. तवा चांगला धूर येईतो तापवायचा, तेल जरा सढळ हातानं, त्यावर एक-दोन कोलंब्या, डुकराच्या मांसाचा पातळ काप, मग पळीभर पीठ. पीठ पडताना मोठ्यानं चर्रर्र झालं नाही तर काकू मान हलवायच्या. तवा तापलेला नाही. वर मूठभर मुगाचे लांब मोड, झाकण, कडा सुटल्या की दुमडायचं. डुकराचं मांस नको, असं आधी सांगितलं तर कुणाला वाईट वाटत नाही. आमच्यातल्या दोघांनी अळंबी घालून केलं.

हे घावन नुसतं खायचं नाही. भातपापडासारखा दिसणारा बान त्रांगचा कागदाइतका पातळ तुकडा हातात घ्यायचा. त्यावर बान सेओ, पानं, हिरव्या केळ्याचे काप, कमरखाची आंबट चकती, मग गुंडाळी करून सॉसमध्ये बुडवायची. होई आनला बऱ्याच घरी याच्याबरोबर शेंगदाण्याचा दाट सॉस असतो. शाकाहारी मंडळींनी इथे सावध राहावं, कारण त्यात पुष्कळदा कलेजी वाटून घालतात.

शाकाहाराचा विषय निघालाच आहे तर सांगतो. व्हिएतनाममध्ये शाकाहारी राहता येतं, आणि चांगलं राहता येतं. तिथले अनेक बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसमासळी वर्ज्य करतात. आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच येतात हे दिवस. या जेवणाला 'चाय' म्हणतात, आणि तशी पाटी असलेली खानावळ जवळपास प्रत्येक गावात सापडते. पण 'मी मांस खात नाही' एवढंच सांगून भागत नाही, कारण नुओक माम त्यांच्या लेखी मिठासारखं आहे. 'चाय' म्हणा, म्हणजे तेही वगळलं जातं आणि सोयाबीनचा सॉस येतो. पांढऱ्या चवपावडरीचं, म्हणजे अजिनोमोटोचं मात्र काही सांगता येत नाही. ती काकूंच्या चुलीजवळ राजरोस बरणीत होती आणि त्यांनी ती लपवलीही नाही.

चुलीच्या वरच्या फळीवर एक छोटं देवघरही होतं. वर्षाच्या शेवटच्या चांद्र महिन्यात तेविसाव्या दिवशी हा चुलीचा देव माशावर बसून स्वर्गात जातो आणि घरानं वर्षभर काय काय केलं ते वर सांगतो, अशी समजूत. आजींनी त्याच्यापुढे उदबत्ती लावली तेव्हाच आमची चटई अंथरली गेली.

जेवताना सगळे खाली, मधे मोठं ताट. घरातल्या लहान मुलीनं आजीपासून सुरुवात करून प्रत्येकाला नात्यानं हाक मारून 'जेवायला घ्या' म्हटलं. तोवर कुणी काड्यांना हात लावला नाही.

निघताना काकूंनी एका कागदी पुडीत बादियान दिलं, आणि मी मनातल्या मनात हसलो. मालवणी मसाल्यात पडणारं हे चक्रीफूल मोठ्या प्रमाणावर व्हिएतनाममधूनच भारतात येतं. उत्तरेकडच्या लांग सोन प्रांतातलं प्रसिद्ध. तिथे ते फोच्या, म्हणजे तिथल्या शेवयांच्या सुपाच्या, रस्स्यात दालचिनीच्या कांडीबरोबर अख्खं उकळतात आणि गाळून टाकतात. वाटत नाहीत. घरी तसं करून पाहा. आमटीत नाही, पण मटणाच्या पातळ सुपात दोन फुलं पुरतात.

नुओक चाम मात्र माझ्या घरी आठवड्यातून एकदा तरी होतो. आपल्या पातळ सालीच्या लिंबाला आंबटपणा जास्त, म्हणून पाणी चमचाभर वाढवावं लागतं. नुओक माम नको असेल त्यांनी सोया सॉस आणि चिमूटभर मीठ घ्यावं, आणि साध्या पाण्याऐवजी शहाळ्याचं पाणी घालावं. तिकडे दक्षिणेतही शहाळ्याचं पाणी वापरतात. कोवळ्या काकडीवर घाला, उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगदाण्यावर घाला, हिरव्या पपईच्या किसावर घाला. लसूण शेवटी, हे तेवढं लक्षात ठेवा. नमस्कार.