गृहकर्ज फिटल्यानंतरचा विलंब आणि घराचे हस्तांतरण

मित्रहो, मुंबईत विक्रीला आलेल्या जुन्या सदनिकेवर विकणाऱ्याचे गृहकर्ज चालू असणे ही आता नेहमीची बाब झाली आहे, आणि घेणाराही बहुधा कर्ज काढूनच घर घेतो. त्यामुळे एकाच व्यवहारात दोन बँका समोरासमोर येतात. विकणाऱ्याची बँक पूर्ण परतफेड झाल्याशिवाय मूळ कागद सोडत नाही आणि घेणाऱ्याच्या बँकेला कर्ज द्यायचे तर तेच कागद हवे असतात. यातून वाट काढण्यासाठी पहिली बँक बाकी दाखवणारे फोरक्लोजर लेटर आणि आपल्या ताब्यातील कागदपत्रांची यादी देते, आणि त्यांच्या आधारे दुसरी बँक थेट त्या कर्जखात्याच्या नावाने पे ऑर्डर काढते.

रिझर्व्ह बँकेने 13 सप्टेंबर 2023 रोजी काढलेल्या आणि 1 डिसेंबर 2023 पासून लागू झालेल्या परिपत्रकानुसार, कर्जाची पूर्ण परतफेड झाल्यावर 30 दिवसांच्या आत सर्व मूळ कागदपत्रे परत करणे आणि कोणत्याही नोंदवहीत नोंदवलेला बोजा उतरवणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. नियम चांगला आहे, त्याचा आग्रह धरलाच पाहिजे. मात्र हे 30 दिवस मोजले जातात ते पूर्ण परतफेडीपासून, आणि हस्तांतरणाच्या व्यवहारात बराचसा वेळ त्याआधीच खर्ची पडलेला असतो.

समजा, 40 लाख रुपये बाकी आहे आणि व्याजदर साडेआठ टक्के आहे. रोजचे व्याज सुमारे 930 रुपये होते. फोरक्लोजर लेटरमधील रक्कम ठरावीक तारखेपर्यंतचीच असते. दुसऱ्या बँकेत मंजुरीचे कागद अडकून पे ऑर्डर आठ दिवस उशिरा जमा झाली, तर खात्यात साडेसात हजारांच्या आसपास कमी पडतात. एवढ्या रकमेसाठी खाते बंद होत नाही, आणि खाते बंद होत नाही तोवर 30 दिवसांची मुदतही सुरू होत नाही. विकणाऱ्याला वाटते पैसे भरले, घेणाऱ्याला वाटते कागद येतील, आणि शाखेत मात्र त्या खात्यावर बाकी दिसत राहते. म्हणून रोजच्या व्याजाचा आकडा पत्रातच लिहून घ्यावा, उशीर झाला तर फरकाची रक्कम त्याच दिवशी भरावी आणि खाते बंद झाल्याचे लेखी पत्र घ्यावे.

मूळ कागदांचा एवढा आग्रह का, हेही समजून घेतले पाहिजे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 नुसार हक्काचे दस्त धनकोकडे ठेवूनही गहाण निर्माण होते, आणि ही सोय ज्या मोजक्या शहरांना कायद्याने आधीपासून दिली त्यांत मुंबई आहे. बिल्डरशी झालेल्या पहिल्या करारापासूनची साखळी आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट बँकेकडे असते ते याचमुळे. हे कागद अनेकदा शाखेत नसून मध्यवर्ती साठवणुकीत असतात, तेव्हा ते मागवण्याची विनंती पैसे भरण्याआधीच लेखी द्यावी. कागद परत आल्यावर सेरसाईच्या, म्हणजे तारण मालमत्तांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, केंद्रीय नोंदवहीतला बोजा उतरला आहे का, हे शोध घेऊन स्वतः पाहावे.

मला सर्वांत अन्यायकारक वाटते ते हे की 5,000 रुपयांची भरपाई कर्जदाराला, म्हणजे विकणाऱ्याला मिळते. ज्या घेणाऱ्याला ताबा लांबल्यामुळे जुन्या घराचे भाडे भरत राहावे लागते, त्याचा त्या रकमेवर आपोआप हक्क येत नाही. विलंबाची भरपाई कोणाकडे जाईल आणि विलंब झाल्यास ताब्याची तारीख कशी पुढे जाईल, हे साठेखतातच, म्हणजे विक्रीआधीच्या करारातच, लिहिले पाहिजे. बँकेकडे लेखी तक्रार करून 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पण तो अर्ज कर्जदारालाच करावा लागेल, म्हणून विकणाऱ्याने त्यासाठी सहकार्य करण्याची अटही साठेखतातच असावी.

येथे बसलेल्या सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती आहे. बँकेचे ना-देय पत्र आले की आपल्या दप्तरातील कर्जाची नोंद पुढच्याच समिती बैठकीत रद्द करा आणि तसे पत्र सभासदाला द्या. बँकेने सोडलेला व्यवहार आपल्या कार्यालयात महिनाभर अडून राहू नये.