गालिच्याची कसर आणि मे महिन्याचं ऊन

अध्यक्षमहोदय, आणि पंख्याखालच्या खुर्च्या वेळेवर धरून बसलेल्या मंडळींनो,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'गालिच्याची कसर : घरगुती नैसर्गिक उपाय'. उपाय एकच सांगायचा आहे आणि तो ग्वाल्हेरला फुकट मिळतो. पण त्याआधी 'कसर' या शब्दाचं भांडण मिटवायला हवं. सगळी गडबड तिथून सुरू होते.

पुस्तक खाल्लं की आपण म्हणतो कसर लागली. शालूला भोक पडलं, कसर लागली. गालिचा टकला झाला, तरी कसरच. प्रत्यक्षात हे तीन वेगळे चोर आहेत. पुस्तकातला तो चपटा, रुपेरी, दिवा लावला की सुर्रकन पळणारा. त्याला खळ, कागद, कांजी आवडते. गालिच्याशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. दुसरा भुंगेरा. त्याची अळी केसाळ, तपकिरी, अंगावर पट्टे, चारपाच मिलिमीटरची; कात टाकत फिरते आणि त्या पोकळ काती कपाटाच्या कोपऱ्यात सापडतात. हा मोठा झाला की उजेडाकडे, खिडकीच्या काचेवर येतो. तिसरं पाखरू, आजचा आपला आरोपी. पंख मिटून बसलं की सहा ते आठ मिलिमीटर, वाळक्या गवताच्या सोनेरी रंगाचं आणि उजेडाचा तिटकारा असलेलं. ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालतंय म्हणजे ते बहुधा हे नव्हेच. पावसाळ्यात भिंतीवर भोपळ्याच्या बीएवढी करडी पिशवी सरकताना दिसते ना, ती याच कुळातली भावंडं.

आता गंमत ऐका. हे पाखरू काहीच खात नाही. त्याला खायला तोंडच धड नाही. खाते ती अळी. खोलीत भिरभिरताना जे दिसतात ते बहुतेक नर. मादी उडायचा कंटाळा करते, गालिच्यावरून तुरूतुरू पळते आणि दिवाणाखाली चाळीसपन्नास अंडी घालून मोकळी होते. तेव्हा टाळ्या वाजवून पाखरं मारणारे काका नवरदेव मारतात, बाळंतीण खाली सुखरूप असते. (हशा.) इथे मात्र टाळ्या वाजवायला हरकत नाही.

अंडी उन्हाळ्यात चार ते दहा दिवसांत फुटतात. अळी पांढुरकी, डोकं तपकिरी. तिला लोकर, रेशीम, पिसं, केस पचतात. सूत पचत नाही. म्हणून सतरंजीला धोका नाही आणि लोकरी गालिच्याची वरची लव जाऊन खालचा सुती सांगाडा शिल्लक राहतो. सुतावर दुधाचा, घामाचा डाग असेल तर त्याच्या नादानं तेही कुरतडलं जातं. ही अवस्था खाणं आणि ऊब असेल तर दोनेक महिन्यांची. नसेल तर दोन वर्षंसुद्धा रेंगाळते.

ओळखायचं कसं? गालिच्याचा कोपरा उलटा करा, तोही दिवाणाखालचा. मधला, रोज पायाखालचा भाग सहसा ठीकच असतो. लवेच्या बुडाशी कोळिष्टकासारखी रेशमी नळी दिसेल आणि खाली फरशीवर बारीक रवा. ती अळीची विष्ठा. लाल गालिच्याखाली लाल रवा, निळ्याखाली निळा. रेशमी नळी आणि असा रवा एकत्र दिसला की आरोपी बहुधा हाच. 2023 मध्ये ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आपण पेढे वाटले. त्याचा कोपरा उचलून बघायचं मात्र राहिलं.

आता माझी मुख्य तक्रार. डांबरगोळ्या. 'एकदम देसी इलाज है' म्हणून बाजारात पुडी हातात ठेवतात. आजीच्या ट्रंकेत होती म्हणून एखादी वस्तू नैसर्गिक होत नाही. नाव बघा ना, डांबरगोळी! कोळशाच्या डांबरातून काढलेलं नॅफ्थलीन ते. त्याची वाफ घट्ट बंद पेटीत कोंडली तरच काम करते. बैठकीच्या गालिच्याखाली चार गोळ्या टाकल्या तर अळीला काही होत नाही. वाफ आपण ओढतो. त्यात आपल्याकडे बाळंतविड्याची झबली-टोपडी, आजोळची लोकरी दुपटी याच पेटीत वर्षानुवर्षं ठेवायची आणि बाळ आलं की तशीच अंगाला लावायची पद्धत. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या वाफेनं फुटतात, कावीळ चढते. वैद्यकात हे जुनं आणि पक्कं माहीत आहे. गोळीसोबत कापराची वडी ठेवणारे आणखी पुढचे. दोन्ही वेगवेगळे कितीही कडक असोत, एकत्र आले की तिसेक अंशांवरच वितळतात. ग्वाल्हेरच्या एप्रिलमध्ये त्याचं तेल होऊन शालीवर डाग पडतो आणि दोष शालीला.

मग कडुनिंब, लवंग, वेखंड? पुरचुंडी करून जरूर ठेवा, पण गालिचा स्वच्छ केल्यावर. वासानं मादी कदाचित बिचकेल; आत बसलेली अळी जेवण सोडत नाही. पाला सावलीत कडकडीत वाळलेला हवा. अर्धवट ओला असला तर बुरशी आणि हिरवा डाग. चुरा सुटा पसरलात तर सुक्या पाल्यावर जगणारे बारीक भुंगेरे घरात बोलावलेत म्हणून समजा. सोडा आणि व्हिनेगर यांनी वास जातो, अळी जात नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत, खालून चहाचा वासही येतोय. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता पळतपळत.

आपला मे चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचा. अंडी, अळी, कोष सगळं मरायला गालिच्याच्या गाभ्यात पंचावन्न अंश लागतात आणि ते तासभर टिकावे लागतात. आपण तीन तास धरू. नुसता उन्हात पसरला तर अळी सावलीच्या बाजूला सरकते आणि रंग विटतो. म्हणून असं करा. आधी गालिचा दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम करा. धागे जुने, ठिसूळ असतील तर काठीनं झोडू नका. दोन दिवस पंख्याखाली पूर्ण सुकवा. गच्चीवर खाट, खाटेवर जुनी रजई, तिच्यावर सुती चादर, मग गालिचा सपाट. फार तर एक घडी. गुंडाळी करून ठेवलात तर मधे ऊन पोचतच नाही. बहुतेकांचं इथेच फसतं. वर पुन्हा सुती चादर, ती उरलासुरला ओलावा शोषते. मग सगळं काळ्या पॉलिथिनमध्ये चिकटपट्टीनं हवाबंद आणि त्याच्यावर दोन बोटं अंतर ठेवून पारदर्शक पॉलिथिनचा मांडव. घडीच्या मधोमध स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरची सळई आधीच खुपसून ठेवा. अकरा ते चार. काटा पंचावन्नवर आला की घड्याळ लावा. दुसऱ्या दिवशी उलटा करून पुन्हा तेच. उघडायचं रात्री, पूर्ण निवल्यावर.

पाठीला रबर लावलेला गालिचा यात घालू नका, ते रबर सुटतं. रेशमी आणि फार जुनाही नको.

गालिचा गच्चीवर असतानाच खोली साफ व्हायला हवी, त्याच दिवशी. भिंतीकडेच्या फटी, दिवाणाखालची धूळ, सोफ्याच्या खाचा. व्हॅक्यूमची पिशवी घराबाहेर रिकामी करून, कचरा पिशवीत गाठ मारून टाका. झरोक्यात कबुतराचं जुनं, रिकामं घरटं असेल तर तेही काढा. पिसांवर या अळ्यांची वर्षभराची सोय होते आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत पाखरं पुन्हापुन्हा तिथूनच येतात. पुढचे तीन आठवडे, आठवड्याला एकदा व्हॅक्यूम.

लहान वस्तूंना, म्हणजे आसन, शाल, मोजे, फ्रीझर चालतो. उणे अठरा अंश जाणारा हवा, एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा सहसा पुरत नाही. पॉलिथिनमधली हवा दाबून काढा, दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर वस्तूवर दव धरतं.

मागून विचारतायत, हार्मोनियमचं काय. बरोबर आहे, हे गाण्याचं ग्वाल्हेर आहे. पट्ट्यांखालचा नमदा, म्हणजे दाबून केलेला जाड थर, लोकरीचा असतो, तो अळीनं खाल्ला की पट्टी खडखडते. पण पेटी उन्हात टाकू नका, लाकूड फाकेल आणि भात्याचे सांधे सुटतील. वरची फळी काढून बारीक तोंडाच्या नळीनं धूळ ओढा आणि पेटीवाल्याकडून नमदा बदलून घ्या. जुना नमदा तिथेच पिशवीत बांधून टाकायला सांगा, घरी आणू नका.