ग्वाल्हेरची राजवाडी संध्याकाळ

(दृश्य: जयेंद्रगंज, उतरतं ऊन)

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जयविलास राजवाड्याला लागूनच उषा किरण पॅलेस आहे. शिंद्यांच्या पाहुण्यांसाठी बांधलेली ही वास्तू आता ताज समूहाचं हॉटेल आहे. खोली घेतली नसली तरी इथं जेवायला येता येतं. फक्त आधी फोन करून टेबल राखून ठेवा, आणि त्या दिवशी आवारात लग्न आहे का, हे आवर्जून विचारा. लग्नसराईत हिरवळीवर मांडव पडला की बँडच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही.

यायचं ते उजेड असताना. इथल्या दगडी जाळ्यांचं कोरीव काम दिव्याच्या झोतात सपाट दिसतं. तिरप्या उन्हात नक्षीच्या कडेला सावली धरते आणि छिन्नी किती खोल गेली ते कळतं.

दुपारीच निघालात तर आधी जयविलासचं संग्रहालय बघा. 1874 साली बांधलेल्या त्या वाड्यात जेवणाच्या टेबलावर रूळ टाकलेत आणि त्यावर चांदीची आगगाडी आहे. ब्रँडी, सिगार घेऊन ती पाहुण्यांपुढून फिरायची. कुणी सुरई उचलली की जागच्या जागी थांबायची. पंगतीत वाढप्याला हाक मारण्याची गरजच नाही! शिंद्यांचा पाहुणचार काय होता, ते या एका गाडीवरून समजतं.

(दृश्य: बाडा बार, हॉटेलातलाच)

आधी बार, मग जेवण. बरेच जण उलटं करतात आणि फसतात, कारण मध्य प्रदेशात बारमधली विक्री रात्री साडेअकराला थांबते. वय 21 पूर्ण हवं. ऑर्डर देताना माप स्पष्ट सांगा: स्मॉल म्हणजे 30 मिलिलिटर, लार्ज म्हणजे 60. नुसतं ‘एक पेग’ म्हटलं की लार्ज येण्याची शक्यता असते, आणि बिल दुप्पट.

(दृश्य: सिल्व्हर सलून, हॉटेलचं रेस्टॉरंट)

इथल्या मेनूची खासियत म्हणजे मराठा पदार्थांच्या शेजारी नेपाळी पदार्थ. कारण घरातलंच आहे. राजमाता विजयाराजेंचं आजोळ नेपाळच्या राणा घराण्यातलं, आणि त्यांच्या सूनबाई माधवीराजे तर त्याच घराण्याच्या लेक. सोयरिकीबरोबर चवही आली. तेव्हा पास्ता, बटर चिकन इथं मागवू नका, ते कुठंही मिळतं. त्या दिवशी मराठा आणि नेपाळी काय आहे ते टेबल राखतानाच विचारा. मंद आचेवरचं मटण हवं असेल तर ते स्टार्टरसोबतच सांगून टाका. नंतर सांगितलंत तर रिकाम्या ताटापुढं बसावं लागेल.

डिसेंबर-जानेवारीत उघड्यावर बसायचं तर शाल हवीच. ग्वाल्हेरची थंडी पुण्यासारखी नाही.

आता बिल. 7,500 रुपयांहून महाग खोल्या देणाऱ्या हॉटेलात जेवणावर 18 टक्के जीएसटी लागतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटसारखा 5 नाही. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये तेच सांगितलं. द्यायचा नसेल तर काढायला सांगा. त्यात संकोच कसला?

परतीची टॅक्सी जेवण संपण्याआधीच ठरवा. दारू घेतली असेल तर स्वतः गाडी चालवू नका: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.