कारखान्यातून निघालेला एसी आणि घरात बसलेला एसी

श्रोतेहो, नमस्कार.

कमी वीज खाणारे एसी आणि हीट पंप बाजारात नेमके किती खपतात, हे मोजायचं कसं? हीट पंप म्हणजे उलटाही चालणारा एसी, थंडीत घर गरम करणारा. एक गोष्ट आधीच कानात ठेवा: कारखान्यातून निघालेलं यंत्र वेगळं, घरात बसलेलं यंत्र वेगळं.

हे कळायला अमेरिकेतलं २००६ साल पाहावं. तिथे घरभर गारवा देणाऱ्या सेंट्रल एसीची कार्यक्षमता तेव्हा ‘सीअर’ या आकड्यात सांगत; २०२३ पासून ‘सीअर२’ आला. सीअर जितका मोठा, तितकी वीज कमी. १९९२ पासून स्प्लिट यंत्रांना किमान १० सीअरची अट होती. जानेवारी २००१ मध्ये क्लिंटन सरकारने जाता जाता ती १३ केली. नव्या सरकारने ती १२ वर आणली. प्रकरण कोर्टात गेलं आणि जानेवारी २००४ मध्ये निकाल लागला: १३ म्हणजे १३. अंमल २३ जानेवारी २००६ पासून. १० वरून १३ म्हणजे तेवढ्याच गारव्याला सुमारे २३ टक्के वीज कमी.

मेख होती तारखेत. ही तारीख उत्पादनाची होती, विक्रीची नव्हे. २२ जानेवारीला तयार झालेलं १० चं यंत्र जूनमध्ये विकलं तरी चालत होतं. मग काय, २००५ मध्ये कारखान्यांतून विक्रमी माल निघाला आणि वितरकांची गोदामं १० च्या यंत्रांनी भरली. बसवणाऱ्यांनाही तीच सोयीची वाटत, कारण १३ चं यंत्र अंगाने मोठं, त्याची कॉइलही, म्हणजे घरातली हवा गार करणारी नळ्यांची जाळीही, मोठी, जुन्या कोनाड्यात मावेना. २००६ उजाडलं. कारखान्याच्या कागदावर १० संपला, १३ सुरू झाला. घरांबाहेर मात्र उन्हाळ्यातही १० ची यंत्रं बसत होती. कारखान्याचा आकडा पाहून वीज वाचल्याचा हिशेब मांडणारा त्या वर्षी सपशेल फसला असता. पुढे २०१५ मध्ये दक्षिणेकडच्या राज्यांत एसीला १४ ची अट आली, तेव्हा तारीख बसवण्याची धरली आणि जुना साठा खपवायला दीड वर्ष दिलं. हे शहाणपण आधीच सुचायला हवं होतं.

म्हणून मोजायचं वितरकाच्या बिलावरून. कारखान्यावरून नाही, वितरकाच्या बिलावरून. प्रत्येक बिलातून मॉडेल नंबर, नग, महिना आणि शाखा घ्यायची आणि मॉडेल नंबर प्रमाणित यादीशी, म्हणजे यंत्रांचे तपासलेले सीअर देणाऱ्या यादीशी, जुळवायचा. इथे अडचण येते ती जोडीची. सीअर एकट्या आउटडोअर युनिटचा नसतो. तो आउटडोअर आणि आतली कॉइल या जोडीचा असतो. जुन्या कॉइलला नवं आउटडोअर जोडलं की यादीतला आकडा हाती लागत नाही, आणि बिलावर तर ते नवं कार्यक्षम यंत्रच दिसतं. कॉइलचं बिल वेगळ्या दिवशी फाडलेलं असेल तर जोडी शोधायला आणखी वेळ जातो.

परत आलेला माल वजा करा. एका वितरकाने दुसऱ्याला दिलेला माल दोनदा धरू नका. आणि शाखेचा पत्ता म्हणजे घराचा पत्ता नव्हे.

   

आता खपलेल्या यंत्रांच्या सीअरची सरासरी. समजा १०० यंत्रं खपली: ६० नग १४ सीअरचे, ३० नग १६ चे, १० नग २० चे. साधी सरासरी १५.२ येते. पण वीज सीअरच्या उलट प्रमाणात लागते. तेव्हा प्रत्येक गटाचे नग त्याच्या सीअरने भागा: ४.२९, १.८८, ०.५. बेरीज सुमारे ६.६६. आता १०० ला तिने भागा, उत्तर १५ च्या आसपास येतं. पुन्हा सांगतो: आधी नगांना सीअरने भागायचं, मग बेरीज, मग एकूण नगांना त्या बेरजेने भागायचं. क्षमता कमीजास्त असेल, तर नगांऐवजी टन धरायचे.