आराखड्यात मुलांची नावं लिहा

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं की जिल्हा परिषदेच्या शाळांना एका कागदाची आठवण होते. शाळा विकास आराखडा. तो शाळा व्यवस्थापन समितीनं तयार करायचा, असं शिक्षण हक्क कायद्याचं 22 वं कलम सांगतं. समितीत किमान तीन चतुर्थांश पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आराखडा तीन वर्षांचा, त्यात दर वर्षाचा भाग वेगळा. समितीवर असलेल्यांना हे माहीतच आहे. बाकीच्यांच्या कानावर एवढं असलं तरी पुरे.

आता तो आराखडा उघडून बघा. आधी पट. मग मंजूर पदं आणि रिक्त पदं. मग वर्गखोल्या, संरक्षक भिंत, मुलींचं स्वच्छतागृह, किचन शेड, पाण्याची टाकी. शेवटी रुपये. यात समितीचा दोष नाही. केंद्राच्या आदर्श नियमांतच आराखड्याचे विषय असे दिलेत: वर्गवार पट, लागणारे शिक्षक, इमारत आणि साहित्य, आणि पैसा. चौथीतल्या किती मुलांना वाचता येतं, हा रकाना त्यात नाही. रकानाच नाही, त्यामुळे तो कुणी भरत नाही. मग लोकसहभागातून भिंती रंगतात. बोलक्या भिंतींबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, तेही सांगून टाकते. पाढे रंगवलेले असतात साहेबांच्या नजरेच्या उंचीवर, आणि पहिलीतलं पोर असतं साडेतीन फुटांचं.

असो. आज मुख्यतः जौनपूरची हकीकत सांगायची आहे.

जौनपूर म्हणजे उत्तर प्रदेशात, वाराणसीच्या शेजारचा जिल्हा. साल 2005. मुंबईच्या वस्त्यांमध्ये 1995 साली काम सुरू केलेली ‘प्रथम’ ही संस्था तिथं गेली. सोबत अभ्यासक होते. त्यांतल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढं 2019 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा तिथं गावोगाव ग्राम शिक्षण समित्या होत्या. प्रधान म्हणजे तिकडचा सरपंच, मुख्याध्यापक आणि तीन पालक. शाळेवर लक्ष ठेवायचं, निधी कुठं खर्च होतो ते बघायचं, तक्रार वर न्यायची, असे सगळे अधिकार कागदावर होते.

पाहणी झाली तेव्हा दहातल्या नऊ पालकांना अशी समिती आहे हेच ठाऊक नव्हतं. हे एक वेळ समजू शकतं. पण समितीच्या सदस्यांना विचारलं, तर त्यांतल्या जवळजवळ एक चतुर्थांश लोकांना आपण सदस्य आहोत याचाच पत्ता नव्हता. पुन्हा सांगते. पालकांना नव्हे, सदस्यांना. नाव वहीत, सही वहीत आणि माणूस शेतात. आपल्याकडं इतिवृत्ताची वही घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात, ते आठवलं असेल तर आठवू द्या.

मग 280 गावं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट केले. एका गटात काहीच केलं नाही, म्हणजे पुढं तुलना करता यावी. दुसऱ्या गटात माहिती दिली. आधी वस्तीवस्तीवर छोट्या बैठका, मग अख्ख्या गावाची सभा, प्रधान आणि मुख्याध्यापक समोर. समिती काय करू शकते, शाळेला काय मिळतं, सगळं सांगितलं. तिसऱ्या गटात याच्याही पुढं गेले. गावकऱ्यांच्या हातात वाचनाची साधी चाचणी दिली. अक्षरं, शब्द, छोटा उतारा, गोष्ट. लोकांनी आपल्याच मुलांना तपासलं, गावाचं प्रगतिपत्रक बनवलं आणि ते सभेत वाचलं. चौथ्या गटात सभा झाल्या, चाचणीही झाली, आणि शिवाय गावातल्याच तरुण स्वयंसेवकांना चार दिवसांचं प्रशिक्षण दिलं, मुलांना वाचायला कसं शिकवायचं याचं. मानधन नाही. त्यांनी शाळेच्या वेळेबाहेर वाचनवर्ग घ्यायचे.

आता निकाल. माहिती दिलेल्या गावांत समित्या जाग्या झाल्या नाहीत. गुरुजींच्या कामात फरक पडला नाही. मुलांचं वाचन होतं तिथंच. आणि ज्या गावांनी स्वतः प्रगतिपत्रक बनवलं होतं, सभेत वाचलं होतं, तिथंही तेच. आपल्या गावातल्या मुलांना वाचता येत नाही हे डोळ्यांनी बघूनही शाळेत काही हललं नाही.

हललं ते चौथ्या गटात. वाचनवर्गाला आलेल्या ज्या मुलांना आधी काहीच वाचता येत नव्हतं, ती सगळी शेवटी निदान अक्षरं ओळखू लागली. वर्ग नसलेल्या गावांत तशा मुलांतली 40 टक्केच तिथवर पोचली. चार दिवस शिकलेल्या, पगार नसलेल्या पोरापोरींनी हे केलं. मला यातून दिसतं ते असं, की यंत्रणेशी भांडायला गावात कुणी सहसा तयार होत नाही, पण शेजारच्या पोराला जवळ घेऊन बसायला माणूस मिळतो.

मात्र या हकिकतीला दुसरी बाजू आहे आणि ती सांगताना बहुतेक जण गाळतात. वाचनवर्गाला सगळी मुलं आली नाहीत. थोडीच आली. जी आली नाहीत त्यांना फायदा शून्य. म्हणून तो तास शाळेच्या वेळापत्रकातच हवा. पुढं हरियाणात सरकारी शिक्षकांनीच रोज एक वेगळा तास ठेवला, मुलं इयत्तेऐवजी स्तराप्रमाणं बसवली, तेव्हा वाचन सुधारलं.

तर आपल्या आराखड्यात एक पान वाढवायचं. त्यावर चार रकाने: मुलाचं नाव, आजचा स्तर, 45 दिवसांनंतरचा स्तर, आणि शिकवणार कोण. टक्केवारी नको. ‘साठ टक्के मुले प्रगत’ असं लिहिलं की उरलेली चाळीस टक्के कोण, हे कुणी विचारत नाही. नावं लिहा.

तपासणी अशी. मूल एकटं, व्हरांड्यात, वर्गाच्या आवाजापासून दूर. पुस्तकातला धडा देऊ नका, तो पाठ असतो. बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या ओळीवर चालतं, ते नीट बघितलं की कळतं. नवा, चार सोप्या वाक्यांचा उतारा द्या. तीनपर्यंत चुका झाल्या आणि वाक्य वाक्यासारखं वाचलं, तर पुढं आठ-दहा ओळींची गोष्ट. अडखळलं तर सुटे पाच शब्द, त्यांतले चार आले तर शब्द स्तर. नाही आले तर पाच अक्षरं, पुन्हा चार बरोबर हवीत. तीही नाहीत, तर प्रारंभिक. एका मुलाला तीन-चार मिनिटं लागतात. तपासणारी व्यक्ती त्या वर्गाची शिक्षक नसावी, समितीतली वाचता येणारी एखादी आई चालेल.

गणितात 52 वजा 27 द्या. उत्तर 35 आलं, तर मूल निष्काळजी आहे असं म्हणू नका. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातून दोन काढले. त्याला दशक सुटतो हे माहीत नाही. दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्या हातात द्या. सात काढायला गेलं की गठ्ठा त्यालाच सोडावा लागतो. आठवडाभर काड्या, मग वही. थेट वहीवर हातचा शिकवला की पुढच्या महिन्यात पुन्हा 35.

मग रोजचा एक तास. तिसरी ते पाचवीची मुलं एकत्र करून स्तराप्रमाणं बसवायची, एका गटात पंधरा-वीस. दोन शिक्षकी शाळेत गट तीन होतात, तिथं तिसऱ्या गटाला गावातली बारावी झालेली मुलगी बसवा आणि तिचं नाव चौथ्या रकान्यात लिहा. हा तास मोडतो तो नेहमी एकाच कारणानं: वरून लिंक येते, माहिती आजच भरा म्हणून. ती माहिती दुपारनंतर भरली तर जिल्हा बुडत नाही, असं समितीनं ठरावात लिहून द्यावं. गुरुजींना तेवढा आधार पुरतो.

पैशाचं थोडक्यात. पट 31 ते 100 असलेल्या शाळेला संयुक्त शाळा अनुदानाचे, म्हणजे सरकारकडून वर्षाच्या खर्चासाठी मिळणाऱ्या पैशाचे, 25 हजार बसतात, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर. उरलेल्यात वीजबिल आणि खडू आलेच. तरी शब्द स्तर ओलांडलेल्या मुलांसाठी मोठ्या अक्षरांतली गोष्टींची पुस्तकं त्यातून घ्या, आणि ती कपाटात कुलपात न ठेवता दोरीवर टांगा. फाटली तर फाटली.

सभेची वेळ सकाळी अकराची ठेवली तर मजुरीला जाणाऱ्या आया येणार नाहीत. संध्याकाळी सातला, मंदिरापाशी ठेवा. आणि जिथून ऊसतोडीला कुटुंबं जातात, तिथं दिवाळीनंतरची वाट बघू नका. तोवर मुलं कारखान्यावर पोचलेली असतात. त्यांची तपासणी सप्टेंबरातच उरकून, जाताना दिल्या जाणाऱ्या शिक्षण हमी पत्रकाच्या मागं पेनानं लिहा: वाचन शब्द स्तर, वजाबाकी हातच्याची येत नाही. म्हणजे तिकडच्या गुरुजींना शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

नमस्कार.