मिल्वियन पूल : पाण्यावरच्या होड्यांची बाजू

मित्रहो, रोम हाती असलेला बादशहा मॅक्सेंशियस, चालून आलेल्या प्रतिस्पर्धी कॉन्स्टंटाईनशी लढायला रोमचा तट सोडून बाहेर का आला, हा आजचा जाहीर झालेला विषय. त्याकडे येतोच. पण 28 ऑक्टोबर 312, म्हणजे त्या लढाईचा दिवस, म्हटलं की सगळे आकाशातल्या क्रॉसबद्दल बोलू लागतात. लढाई ज्या पुलाच्या नावाने ओळखली जाते, त्या पुलाबद्दल कोणी काही विचारत नाही. ही माझी जुनी तक्रार आहे, म्हणून आधी पूल.

क्रॉसचं थोडक्यात सांगतो. लढाईनंतर काही वर्षांतच लिहिणारा ख्रिस्ती लेखक लॅक्टॅन्शियस कॉन्स्टंटाईनला पडलेल्या स्वप्नाबद्दल आणि ढालींवर काढलेल्या चिन्हाबद्दल सांगतो. आकाशात क्रॉस दिसल्याची हकिगत बिशप युसेबियसच्या कॉन्स्टंटाईन-चरित्रात येते, आणि ते बादशहाच्या मृत्यूनंतरचं, म्हणजे 337 नंतरचं. त्याच युसेबियसच्या आधीच्या चर्चच्या इतिहासात हा क्रॉस नाही! असो, यावर भरपूर लिहिलं गेलंय.

आता पूल. शहराच्या उत्तरेला साधारण 3 किलोमीटरवर फ्लामिनिया रस्ता टायबर ओलांडतो. तिथला दगडी पूल इसवी सनापूर्वी 109 मध्ये स्कॉरसने बांधला. वेढा पडणार म्हणून मॅक्सेंशियसने तो निकामी केला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. बचावासाठी ते योग्यच होतं. मग बेत बदलला, फौज पलीकडे न्यायची ठरली आणि नदीवर होड्यांचा पूल उभा राहिला.

असा पूल बांधताना होड्यांची तोंडं प्रवाहाच्या उलट दिशेला ठेवून त्या नांगरतात, होडीवरून होडीवर वासे टाकतात, वाशांवर फळ्या ठोकतात. शिस्तीत, अंतर राखून चालणाऱ्या सैन्याला तो पुरतो. गर्दी एका जागी दाटली की मात्र तिथली होडी दबते, शेजारची उचलली जाते आणि सगळा ताण जोडावर येतो. रोममध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबर हे भर पावसाचे महिने, हेही लक्षात घ्या.

बराच नंतरचा इतिहासकार झोसिमस सांगतो की हा पूल दोन भागांत होता आणि नदीच्या मध्यावर लोखंडी खिळ्यांनी जोडलेला होता. शत्रू पुलावर आला की खिळे काढायचे आणि त्याला बुडवायचं. मला या खिळ्यांनी फार दिवस धरून ठेवलंय. खिळा काढणाऱ्याला वर आपली माणसं आहेत की शत्रूची, हे दिसायला हवं. पळापळीत दोन्ही एकत्रच येतात. शिवाय भार पडलेला जोड घट्ट आवळतो, तो वेळेवर सुटेलच असं नाही. सापळ्याची गोष्ट नंतर रचली गेली असेल, लॅक्टॅन्शियस फक्त मागे पूल तुटल्याचं सांगतो. पण सापळा असो वा नसो, एवढ्या फौजेला परतायची तीच एक चिंचोळी वाट होती! कॉन्स्टंटाईनच्या घोडदळाने समोरचं घोडदळ मोडलं आणि पायदळ नदीकडे रेटलं गेलं. प्रिटोरियन, म्हणजे बादशहाचे खास रक्षक, तेवढे जागेवर उभे राहून मेले. चिलखतासकट मॅक्सेंशियस पाण्यात गेला.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. तर, तो बाहेर का आला?

तट कमजोर नव्हता. आधीचा बादशहा ऑरेलियन याने बांधलेला सुमारे 19 किलोमीटरचा कोट होता. 307 मध्ये आधी सेव्हेरस आणि मग गॅलेरियस हे त्याचे प्रतिस्पर्धी बादशहा तिथून हात हलवत परतले होते. तेव्हा सेव्हेरसची माणसं फुटली, कारण ती पूर्वी मॅक्सेंशियसच्या बापाच्या हाताखाली लढलेली. या वेळी फुटण्याची आशा नव्हती. वेरोनाला त्याचा सेनापती पाँपेयानस पडला आणि उत्तरेची फौज संपली होती.

आफ्रिकेतल्या बंडामुळे धान्य अडल्याच्या आठवणी ताज्या होत्या. सर्कसमध्ये लोक ओरडले की कॉन्स्टंटाईनला हरवता येत नाही. सिबिलाचे ग्रंथ, म्हणजे रोमचे भविष्यवाणीचे ग्रंथ, पाहिले, तर रोमनांचा शत्रू त्या दिवशी मरेल असं निघालं. आणि 28 ऑक्टोबर हाच मॅक्सेंशियसच्या 306 मधल्या राज्यारोहणाचा दिवस. माझं मत असं की प्रिटोरियन आणि रोमची जनता यांच्या जोरावर गादीवर बसलेल्या माणसाला त्यांच्याच डोळ्यांदेखत कोटात दडून बसणं परवडणारं नव्हतं. निर्णय लष्करी नव्हता, राजकीय होता.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. त्याचं शिर रोमभर फिरवलं, मग आफ्रिकेला पाठवलं. प्रिटोरियन दल बरखास्त झालं. बादशाही घोडेस्वारांची छावणी पाडली आणि तिच्या जागेवर लॅटरनचं चर्च उभं राहिलं.